फिरकी का फिरेना

"माझ्यासारखा माणूस शतकातून एकदाच जन्माला येतो," घड्याळजीच्या दारात उभं राहून साडूभाऊ म्हणाले, "आणि तोही नेमका चुकीच्या खात्यात नोकरीला लागतो."

आपला जन्म गुन्हे शोधण्यासाठीच झाला आहे, याबद्दल साडूभाऊंची पक्की खात्री होती. या खात्रीला दुसरा साक्षीदार मात्र आजवर मिळालेला नव्हता. सव्वीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले. माणसं जिन्याखाली काय काय लपवतात हे ज्याने वाकून पाहिलं, त्याच्यापासून जगात काही लपत नाही, असं ते सांगत. निवृत्त होताच त्यांनी कार्डं छापून घेतली: 'खासगी तपास. संपूर्ण गुप्तता.' ही कार्डं त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन, मोठ्याने वाचून दाखवून वाटली होती.

"काही सांगू नकोस," त्यांनी घड्याळजीला हाताने थांबवलं. "दाढी वाढलेली. शर्टाचं बटण चुकलेलं. डाव्या पायात बायकोची चप्पल. म्हणजे तू चिंतेत आहेस."

"चिंतेत आहे हे खरं," घड्याळजी म्हणाला, "पण चप्पल माझीच आहे."

"मग चिंता त्याहून मोठी आहे," साडूभाऊ म्हणाले आणि आत येऊन बसले.

घड्याळजीने त्यांना बोलावलं नव्हतं. त्याच्या बायकोने नुकतंच फोनवर आपल्या ताईला सगळं सांगितलं होतं. आणि ताईला सांगितलेली गोष्ट साडूभाऊंना कळायला जिना उतरून गल्ली ओलांडण्याइतकाच वेळ लागतो. आता दुपारचे दोन वाजले होते आणि चार वाजता सासरेबुवा चहाला यायचे होते. घड्याळजीला चिंता होती ती त्या चारच्या ठोक्याची.

त्याचं असं होतं. सासरेबुवांची एक होडी होती, दोन माणसांची. दर रविवारी ते तळ्यावर मासे धरायला जात. घरात याचा एक नियम होता: ज्याने आणलेलं आमिष सासरेबुवा आपल्या दोरीला बांधतील, तो जावई त्या रविवारी वल्ही मारायला बसणार. साडूभाऊ दर आठवड्याला दुकानातून काहीतरी चकचकीत उचलून आणत, त्यामुळे गेली नऊ वर्षं ती जागा त्यांची होती. घड्याळजीच्या लग्नालाही नऊच वर्षं झाली होती. दर रविवारी सकाळी तो आपल्या घड्याळांच्या दुकानाच्या खिडकीतून त्या दोघांना जाताना पाही आणि पुन्हा कुणाच्या तरी बंद पडलेल्या गजरात डोकं घाली.

आणि मागच्या रविवारी सासरेबुवा रिकाम्या हाताने परतले. दुकानातली आमिषाची फिरकी टेबलावर आपटून ते म्हणाले, "यापेक्षा आमचे घड्याळजी बरी करतील."

नऊ वर्षांत त्यांनी त्याच्याविषयी काढलेला हा पहिला बरा शब्द होता. घड्याळजीला त्या होडीत बसायचं होतं. मासे मिळोत, न मिळोत. वडील लहानपणीच गेलेल्या माणसाला वडीलधाऱ्यांच्या शेजारी नुसतं गप्प बसायचीसुद्धा हौस असते, आणि ती कुणापाशी बोलून दाखवायची त्याला लाज वाटत होती.

सोमवारपासून तो कामाला लागला. फिरकी म्हणजे तशी काही जादू नव्हे. एक ताठ तार, तिच्यावर तीन-चार मणी, खाली तीन तोंडांचा गळ, आणि वर एका चिमुकल्या कडीत लटकणारं धातूचं पातं. पाण्यातून ओढलं की पातं तारेभोवती गरगर फिरतं, चमकतं, आणि माशाला वाटतं, जेवण पळालं. पात्यासाठी त्याने चहाचा एक चमचा कापला, ठोकला आणि कानशीने घासला. मणी बायकोच्या तुटलेल्या माळेतले घेतले. गळाला लाल लोकरीचा झुपका बांधला. शुक्रवारी संध्याकाळी आंघोळीच्या टबात ती ओढून पाहिली, तर पातं असं भिरभिरलं की पाण्याला गुदगुल्या व्हाव्यात. घड्याळजीने टॉवेल डोक्याला गुंडाळून न्हाणीघरात नाच केला. बायको दारात उभी होती, म्हणून त्याने तो पुन्हा एकदा केला. जेवण झाल्यावर त्याने फिरकी जराशी नीटनेटकी केली आणि मखमलीच्या डबीत ठेवून दिली.

शनिवारी सकाळी तिने फिरणं सोडलं. टबात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली, तरी पातं आपलं तारेला चिकटून ढिम्म. तोच चमचा, तीच तार, तेच पाणी.

"घातपात!" साडूभाऊ टाळी वाजवून म्हणाले. त्यांचा चेहरा वाढदिवस असल्यासारखा उजळला होता. "रात्रीपासून तिला कोणी हात लावला?"

"कोणीच नाही. मीच काय ती जरा साफसूफ केली."

"तुझा हात मोजायचा नाही. तू फिर्यादी आहेस." त्यांनी खिशातून विजेरी काढली, भर दुपारी पेटवली आणि झोत फिरकीवर मारला. मग गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली, उलटी. "अबब! केवढी लहान झाली आहे ही!"

"दुर्बीण उलटी आहे, साडूभाऊ."

"ठाऊक आहे. गुन्हेगाराच्या नजरेने बघत होतो." त्यांनी दुर्बीण सुलटी केली. "बघ, चमच्याच्या मानाने फारच चमकतेय. म्हणजे ही ती नव्हेच! अदलाबदल झाली आहे. ही बनावट आहे. आता मला सांग, तू घरी फिरक्या करायला लागलास तर पोट कुणाचं दुखेल?"

पोट दुखण्याचा मान समोरच्या गल्लीतल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानदाराला मिळाला. दोघे तिकडे निघाले. साडूभाऊ भिंतीला चिकटून चालत होते, त्यामुळे रस्त्यावरच्या सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. दुकानाचं दार उघडंच होतं, तरी त्यांनी त्यावर तीनदा थाप मारली आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने खणखणीत आवाजात ओरडले, "मीटर!"

"मागच्या बाजूला," दुकानदार मान वर न करता म्हणाला.

आता माघार घेणं साडूभाऊंच्या स्वभावात नव्हतं. ते मागे गेले, वाकले, आकडा वाचला, वहीत लिहिला आणि परत आले. "जोडणीपाशी गळतंय," त्यांनी दुकानदाराला सांगितलं. "वायसर बदलून घ्या."

दुकानदाराने आभार मानले. मग घड्याळजीनेच चाचरत डबी उघडली आणि ही फिरकी आपल्याकडची आहे का, असं विचारलं.

दुकानदाराने ती प्रकाशात धरली. बराच वेळ धरली. "माझ्याकडची?" तो हळूच म्हणाला. "अहो, एवढं रेखीव काम मला जमलं असतं तर मी हे खोके विकत बसलो असतो का? कुणी केली?"

घड्याळजीचे कान लाल झाले. एवढ्या गडबडीतही त्याला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच शरम वाटली.

"फार मुरलेला दिसतोय," बाहेर आल्यावर साडूभाऊ म्हणाले. "निर्दोष माणूस इतका निर्दोष कधी वागत नाही. पण ते सोड, मीटरवरून मला वेगळंच सुचलंय. दोष फिरकीत नाहीच. पाण्यात आहे! शुक्रवारचं पाणी आणि शनिवारचं पाणी एक नसतं. शनिवारी सगळी दुनिया कपडे धुते, दाब पडतो, पाणी थकतं. थकलेलं पाणी पातं काय फिरवणार?"

घरी येऊन त्यांनी टबाचं पाणी तीनदा बदललं. गार, कोमट, कढत. कढत पाण्यात त्यांनी आपलं बोट बुडवलं आणि ही थिअरी तिथेच संपली. पावणेचार झाले होते.

"अहो, बर्फ आणू का बोटाला?" घड्याळजीच्या बायकोने दारातून विचारलं.

साडूभाऊंनी बोट तोंडातून काढलं आणि तिच्याकडे रोखलं. "मेव्हणीबाई, घरात चमचे किती?"

"पाच. सहा होते, एकाची यांनी फिरकी केली."

"आणि तुम्ही चिडलात!"

"चिडले की. सेट मोडला ना माझा."

"हेतू!" साडूभाऊ घड्याळजीच्या कानात कुजबुजले. त्यांची कुजबुज शेजारच्या घरात ऐकू जाई. "सेटच्या सुडापायी स्त्रीने सुंदर पात्याचा—"

"भावजी," बायकोने कमरेवर हात ठेवले, "हेतूचंच बोलायचं तर मला एक सांगा. फिरकी फिरली नाही, तर उद्या होडीत कोण बसणार?"

नळाचा एक थेंब टबात पडला.

"मी," साडूभाऊ म्हणाले.

"मग फायदा कुणाचा?"

साडूभाऊंचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. एखाद्याने राग धरला असता. पण साडूभाऊ पडले हाडाचे तपासनीस. "हा मुद्दा," ते खोल आवाजात म्हणाले, "मी दुर्लक्षून चालणार नाही." आणि ते आरशासमोर जाऊन उभे राहिले.

"काल रात्री कुठे होतास?" त्यांनी आरशाला विचारलं.

"घरी. झोपलो होतो," त्यांनी पडलेल्या आवाजात उत्तर दिलं.

"साक्षीदार?"

"बायको. पण ती म्हणते मी घोरत होतो, आणि मी घोरत नाही."

"म्हणजे जबानीत तफावत आहे!" साडूभाऊंनी स्वतःला दटावलं. ही उलटतपासणी बरीच रंगली. एकदा तर त्यांनी स्वतःला खोटं बोलताना पकडलंही. घड्याळजी टबाच्या काठावर बसून ऐकत होता. हसावं की रडावं हे त्याला कळत नव्हतं. बायको त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिने त्याच्या हातातली डबी काढून घेतली.

"पुराव्याअभावी सोडून देतोय," साडूभाऊ आरशातल्या आरोपीला म्हणाले. "पण गाव सोडून जायचं नाही."

तेवढ्यात बेल वाजली. चारचा ठोका पडला होता.

सासरेबुवांची नजर हल्ली अधू झाली होती. ते खुर्चीत बसले, चहाचा कप बाजूला सारला आणि नुसता तळहात पुढे केला. घड्याळजीने फिरकी त्यावर ठेवली. खरं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तोच साडूभाऊ पुढे झाले.

"अण्णा, प्रकरण फार खोल आहे. संशयित चार आहेत, त्यातला एक मी स्वतः. परवापर्यंत मी—"

"जरा गप्प बसता का?" सासरेबुवा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि फिरकीवरून अंगठा फिरवला. पातं चाचपलं. मणी चाचपले. एकेक मणी नखाने हलवून पाहिला. एकही हलला नाही.

"हे मणी इतके घट्ट कुणी आवळले?"

"मी," घड्याळजी म्हणाला. "काल रात्री. मण्यांमध्ये फट राहिली होती. दोन-तीन मिलिमीटरची. माझ्या डोळ्यांना ती सहन होईना. म्हणून तारेच्या टोकाचा फासा सोडून पुन्हा घट्ट बसवला. घड्याळात एवढी फट राहिली तर..." तो मधेच थांबला. त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि मान खाली गेली.

"घड्याळात चालणार नाही. पाण्यात लागते," सासरेबुवा म्हणाले. "मणी कडीला दाबून बसलेत, मग पातं फिरेल कसं बिचारं? त्यांना जरा हलायला जागा द्या हो."

घड्याळजीने पक्कड आणली, फासा उघडला आणि होता तसा, सैल, किंचित ओबडधोबड पुन्हा वळवला. सगळी वरात टबापाशी गेली. त्याने श्वास रोखून तार ओढली. पातं भिरभिरलं. बायको आनंदाने ओरडली, घड्याळजीने टॉवेल शोधला, आणि सासरे समोर आहेत हे आठवून तो पुन्हा दांडीवर टाकला.

"पहिल्या मिनिटापासून मी सांगत होतो," साडूभाऊ म्हणाले. "गुन्हेगार घरातलाच आहे."

सासरेबुवांनी फिरकी रुमालात गुंडाळून खिशात टाकली. उद्या ती दोरीला बांधणार, याची ही खूण होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. साडूभाऊंचा चेहरा क्षणभर पडला. नऊ वर्षांची जागा होती ती.

"तुम्ही उद्या काठावर थांबा," सासरेबुवा त्यांच्याकडे वळून म्हणाले. "मासे कुठून कुठे पळतात, यावर पाळत ठेवायला जबाबदार माणूस लागतो."

साडूभाऊंचे डोळे पाणावले. सव्वीस वर्षांत त्यांच्यावर कुणी पाळतीचं काम सोपवलं नव्हतं.

रविवारी सकाळी तळं निवांत होतं. घड्याळजी वल्ही मारत होता, काहीशी वाकडी, कारण त्याने ती कधी हातातच धरली नव्हती. सासरेबुवा दोरी बोटावर घेऊन बसले होते. तासभर कुणी काही बोललं नाही. मग ते म्हणाले, "फिरतेय. बोटाला कळतंय." घड्याळजीने मान डोलावली. एवढं सुख त्याला झेपत नव्हतं, म्हणून तो उगाच पाण्याकडे बघत राहिला.

चौथ्या फेरीला फिरकी पाण्याखालच्या झाडाच्या खोडात अडकली. सासरेबुवांनी हळूच ओढलं, मग जोराने ओढलं. दोरी तटकन तुटली. पाच संध्याकाळचं काम तळ्याच्या तळाशी गेलं.

काठावर दुर्बीण घेऊन बसलेले साडूभाऊ ताडकन उठले. "गायब झाली!" त्यांचा आवाज सबंध तळ्यावर घुमला. "डोळ्यांदेखत गायब झाली! कुणीही पाण्याला हात लावू नका!"

नियम तो नियम. घड्याळजीने होडीचं तोंड काठाकडे वळवलं.

"कुठे निघालात?" सासरेबुवांनी विचारलं.

"काठाला. फिरकी गेली ना, अण्णा. म्हणजे आता ही जागा..."

"फिरकी गेली तर गेली," सासरेबुवा म्हणाले. त्यांनी गळाचं सामान बाजूला सारलं आणि पाय लांब करून ते आरामात टेकले. "तुम्हाला कोण उठा म्हणालं? वल्हवा सावकाश. पलीकडे न्या, तिथे तुमच्या साडूभाऊंचा आवाज पोचत नाही."