हिला एकटीलाच पाच लिटर

जेवणाला पाट्या लावायच्या, एवढंच मी ठरवलं होतं. निवृत्त चित्रकला शिक्षकाकडून जगाला याहून मोठा धोका नसतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

साताऱ्यातलं आमचं पोळी-भाजी केंद्र माझ्या पत्नीनं, अंजनानं, सुरू केलेलं. ती जाऊन दोन वर्षं झाली. आता रंगुबाई ते चालवतात आणि मी देखरेख करतो (म्हणजे मधे मधे येतो). काम इतकं कमी झालं होतं की रंगुबाईंनी शिरवळच्या एका कँटीनमध्ये नोकरी पाहून ठेवली होती. त्या गेल्या असत्या, तर आमच्या घरात कढईचा आवाज करणारं कुणी उरलं नसतं.

तेवढ्यात सांगलीच्या जयराजरावांचा फोन आला. वाईला कृष्णाकाठी जुन्या मोटारींचा मेळावा, साठ पानं, जेवण मोटारींना शोभेल असं. आवडलं तर मुलीच्या लग्नाचं कामही आमचंच.

मी कुतूहलानं मोटारींबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि पदार्थांची बारशी केली. मधे भोक पाडलेलं थालीपीठ म्हणजे ‘टायर’. कटाची आमटी म्हणजे ‘इंजिन ऑइल’. वेलदोडा घातलेल्या चिंचगुळाच्या पन्ह्याच्या टाकीवर सुरेख अक्षरात लिहिलं, ‘कूलंट’, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी.

“आवं मास्तर, आमटीला ऑइल म्हनल्यावर खानार कोन?” रंगुबाईंनी विचारलं.

“ही थीम आहे, रंगुबाई.”

“आसंल. वास तेवढा आमटीचाच येऊ द्या.”

मेळाव्याच्या दिवशी मी प्रत्येक मोटारीच्या बॉनेटमध्ये डोकावून आलो (कळलं काही नाही, पण मान डोलावली). परत टाकीपाशी येतो तर एक घामाघूम माणूस रिकामा कॅन घेऊन पाटी वाचत उभा.

“काका, ह्ये कूलंट घिऊ का?”

“घ्या की! तुमच्यासाठीच आहे.”

“पाच लिटर लागंल.”

“बाप रे! किती जण आहात?”

“हिला एकटीलाच. सांगलीपासनं थेंब न्हाई दिला. लय तापलीया.”

मला त्याच्या बायकोची दया आली. “अहो, वाटेत विचारायचं तरी तिला!”

“ती काय बोलतीया? वाफ निघाली तवा कळलं.”

“जपून द्या. आधी जरा शांत होऊ दे.”

“व्हय. एकदम गार दिलं की तडकतीया.”

बायकोचा स्वभाव इतका नेमका ओळखणारा नवरा मी प्रथमच पाहत होतो. कॅन मीच भरून दिला.

अर्ध्या तासानं जयराजरावांची काळी मोटार सुरू झाली आणि सगळ्या नदीकाठावर वेलदोड्याचा वास सुटला.

“मोहसीन! काय घातलंस रं हिच्यात?”

मोहसीन, म्हणजे तो तहानलेल्या बायकोचा नवरा, त्यांचा ड्रायव्हर निघाला. “कूलंट, मालक. मास्तरांनी सोता भरून दिलं.”

साठ माणसं माझ्याकडे वळली. रेडिएटर तीन ठिकाणी ठिबकू लागला होता.

“वडिलांची गाडी आहे ही,” जयराजराव एवढंच म्हणाले. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं. लग्नाचं काम गेलं, हे मला कळलं. शिरवळची नोकरी मला समोर दिसू लागली.

रंगुबाई पदराला हात पुसत पुढं आल्या आणि त्यांनी वाकून पाहिलं. “पितळंचं हाय व्हय? मग चिंचंनं लख्ख झालं आसंल. मळानं भोकं बुजली हुती, ती उघडी पडली.”

“मावशी, हळद हाय का?” मोहसीननं विचारलं. जुन्या ड्रायव्हरांचा इलाज म्हणे. रेडिएटर धुतला, साध्या पाण्यातून दोन मुठी हळद आत गेली, आणि थोड्या वेळानं ठिबकणं खरंच थांबलं.

“चिंच झाली, गूळ झाला, हळद झाली,” रंगुबाई जयराजरावांना म्हणाल्या. “फोडनी ऱ्हायलीया, ती मी देत न्हाई. तुमी जेवून घ्या, आमटी निवतीया.”

जयराजराव हसू लागले, आणि आमटीची चौथी वाटी संपवून म्हणाले, “रंगुबाई, लग्नाचं काम तुमचंच.”

मी तत्काळ मार्करचं टोपण काढलं. “मग लग्नाला थीम कोणती ठेवायची?”

“जेवान,” रंगुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या हातातला मार्कर काढून घेतला.