तात्यांचं बोट आणि जर्मनचं झाकण

आमच्या तात्यांना कुणी भेटायला आलं की ते आधी त्याच्या खिशाकडं बघतात. रामराम होतो, ‘बसा’ होतं, आणि मग तात्या हात पुढं करतात. नवख्या माणसाला वाटतं, हातात हात द्यायचाय. तात्यांना मोबाइल हवा असतो. तो घेऊन ते त्याच्या पाठीवर उजव्या हाताचं मधलं बोट टेकवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, “अंगात ताप हाय ह्याच्या.” नाहीतर, “थंड हाय. न्या.”

मोबाइलच असं नाही. विहिरीवरची मोटार, पाहुण्यांची मोटरसायकल, कुणाच्या घरी नवा फ्रीज आला तर त्याची मागची बाजू, सगळ्यांना ते बोट लागतं. कराडला एकदा त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेलो होतो. डॉक्टर रक्तदाब बघायला लागले, तर ह्यांनी त्या यंत्रावरच बोट ठेवलं आणि म्हणाले, “आवं डॉक्टर, ह्यालाच ताप हाय. ह्यो माझं काय सांगनार?” म्हणाले म्हणजे ओरडले. बाहेर बसलेले पेशंट हसले. मी मात्र मान खाली घालून बसलो होतो. तात्यांबरोबर बाहेर गेलं की मी मान खाली घालूनच बसायचो.

ओरडणं त्यांच्या हातात नाही. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. तोफखान्यात होते. तोफांनी त्यांचे कान नेले. त्यामुळं समोरचा माणूस कृष्णेच्या पलीकडच्या काठावर उभा आहे असं धरूनच ते बोलतात. त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट गावात सगळ्यांना एकाच वेळी कळते.

पेन्शनीत आल्यावर लोक माळ घालतात, पंचायतीला उभे राहतात. तात्यांनी अॅम्प्लिफायर करायला घेतला. शिलाई मशीनच्या लाकडी खोक्यात त्यांनी तो बसवलाय. आत तारांचं असं जंजाळ, की उंदीर शिरला तर वाट विचारत बाहेर यावा. आवाज मोठा करणारी जी काळी चिप असते, तिला आमच्याकडं सगळे आयसी म्हणतात. ती तापते म्हणून तिच्या पाठीला धातूचा पत्रा लावतात. तात्यांनी तिथं काकींच्या पातेल्याचं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, झाकण लावलं. काकींना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या असत्या तरी ते त्यांनी लावलंच असतं.

आणि आयसी जळाला असं त्यांच्यापुढं म्हणायचं नाही.

“जळाया त्यो काय जळान हाय? शहीद झाला म्हण.”

शहीद झालेले आयसी त्यांनी थर्माकोलच्या पट्टीत टोचून खिडकीत रांगेनं उभे केलेत. पंधरा ऑगस्टला त्या पट्टीला झेंडूचं फूल असतं. नवा आयसी आणला की तो ‘बदली जवान’. त्याला झाकणाला स्क्रूनं आवळताना तात्या त्याला दम भरतात, “हितनं हलायचं न्हाई.” हे मी कॉलेजात पोरांना सांगितलं की वर्ग हसायचा. मी कराडला इलेक्ट्रॉनिक्सची लॅब बघतो आणि शिकवतो. एखादा तास रंगत नसला तर मी तात्या काढायचो. आता काढत नाही.

तात्या आणि माझे वडील, म्हणजे आबा, एकमेकांशी बोलत नव्हते. का, ते सांगायला पाहिजे. आबा शर्यतीचे शौकीन. त्यांच्याकडं खिलार बैलांची एक जोडी होती. दोन्ही बैल एका दावणीला वाढलेले, पळताना एकाचा पाय पडला की दुसऱ्याचा पडायचा. तात्या सुट्टीवर आले आणि त्याच वर्षी घराची वाटणी झाली. रान वाटलं, घराच्या मधोमध विटांची भिंत आली, भांडी वाटली. मग पंचांनी बैल वाटले. एक आबांना, एक तात्यांना. पंचांना वाटलं न्याय झाला. तात्यांना परत पलटणीत जायचं होतं, बैल सांभाळणार कोण? त्यांनी आपला बैल जतच्या बाजारात विकला. “बैलाच्या मागं पळनाऱ्याला अक्कल नसती,” असं वर म्हणालेही. उरलेला बैल आबांनी दुसऱ्या कुणाबरोबर जुंपलाच नाही. तो दावणीलाच म्हातारा होऊन गेला. तेव्हापासून दोन भावांत शब्द नाही. भिंतीच्या अलीकडं शिंक आली तर पलीकडं ऐकू यायची, पण ‘सत’ कुणी म्हणायचं नाही.

मग आबांना अर्धांग झालं. वाचा गेली, उजवी बाजू गेली. आईनं त्यांची खाट मागच्या खोलीत हलवली, तिथं वारा येतो म्हणून. त्या खोलीची खिडकी तात्यांच्या वाटणीतल्या गोठ्याकडं उघडते. गोठा रिकामाच आहे.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गावातून माझ्या कानावर यायला लागलं, की तात्या दर रविवारी दुपारी मोबाइलवर शर्यत लावतात आणि अॅम्प्लिफायरवरून अख्ख्या गल्लीला ऐकवतात. सुटली, सुटली, गाडी सुटली! ज्या माणसानं जन्मभर शर्यतीला नावं ठेवली तो माणूस! लोकांनी त्याचा एकच अर्थ काढला. खाटेवर पडलेल्या भावाला खिजवायला लावतोय. मीही तोच काढला. एकदा चिडून फोन केला.

“तात्या, आजारी माणूस हाय घरात. जरा तरी काही वाटू द्या.”

“आयकू येत न्हाई!” म्हणाले, आणि फोन ठेवला.

मला राग आला होता, हे खरं. पण तो राग मला सोयीचाही होता. कराडहून गाव तासाभरावर. मी रविवारी सकाळी जायचो, आईजवळ फळांची पिशवी द्यायचो, आबांच्या खाटेशी बसून मोबाइल बघायचो आणि ऊन व्हायच्या आत निघायचो. आबांशी काय बोलावं मला कळायचं नाही. ते नुसते बघत राहायचे. तात्यांवर रागावलं की आपण आबांचं काहीतरी करतोय असं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी तात्यांचाच फोन आला. स्वतःहून त्यांनी मला कधी फोन केला नव्हता.

“प्रोफेसर, जवान टिकंनात रं. एकामागं एक शहीद व्हायल्यात. ऐतवारच्या आत लावून दे गड्या.”

“ऐतवारी काय हाय?”

“फायनल हाय.” मग जरा थांबून, त्यांच्या मानानं हळू आवाजात म्हणाले, “लय दीस ऱ्हायल्यालं न्हाईत.”

कशाचे दिवस, ते मी विचारलं नाही. आबांचं खाणं त्या आठवड्यात सुटलं होतं. ते मला माहीत होतं, आणि तरी मी दोन गोष्टी जोडल्या नाहीत.

शनिवारी गेलो. खोकं उघडलं. आयसीच्या पोटाला भोक पडलं होतं आणि खोलीभर तो कडू वास होता. मी झाकण सोडवलं, तर आयसीच्या पाठीला पांढरं काहीतरी. त्या जागी उष्णता ओढणारा एक मलम लावायचा असतो. मी वास घेतला. पुदिना.

“तात्या, ही टूथपेस्ट हाय!”

“मग? मलम संपला. हीबी पांढरीच हाय. वर थंडगार.”

मी हसलो. दोष सापडला असं वाटलं. पुसून खरा मलम लावला, नवा आयसी बसवला, चालू केलं. आवाज छान आला. तात्यांनी झाकणावर बोट टेकवलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. आवाज जरा वाढवला तर झाकणावर हात ठेववेना. मी बटण बंद केलं म्हणून आयसी वाचला.

मग मी मीटर काढला आणि स्पीकरच्या तारा मोजल्या. काटा जिथं थांबायला पाहिजे त्याच्या निम्म्यावर थांबला. म्हणजे त्या तारांच्या टोकाला एक नव्हे, दोन स्पीकर होते. एका माणसाच्या डोक्यावर दोघांची पोती. आयसी मरणार नाही तर काय होईल?

“दुसरा स्पीकर कुठं हाय?”

“कसला दुसरा?”

“ही तार कुठं जाती?”

“तिकडं जाऊ नको. गोठ्यात साप हाय.”

“कसला साप?”

“मोठा हाय.”

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की सापाचीसुद्धा लांबी सांगता येत नाही. मी तार धरून निघालो. ती खिडकीतून बाहेर पडून, पेरूच्या झाडावरून, गोठ्याच्या पत्र्याखाली गेली होती. आत गव्हाणीत, जिथं पूर्वी त्या जोडीला कडबा टाकायचे तिथं, पोत्यावर नीट कलता करून एक स्पीकर ठेवला होता. त्यावर धूळ बसू नये म्हणून जुना टॉवेल होता. स्पीकरचं तोंड आबांच्या खिडकीकडं होतं.

खिडकीत आई उभी होती.

“गावला व्हय तुला?” ती म्हणाली.

“तुला ठावं होतं?”

“मला न्हाई तर कुणाला? आदी भावजींच्या खोक्याचा आवाज हितपत्तोर बारीक यायचा. तवा ह्यांची मान तिकडं वळायची, ती त्यांनी बघितली आसंल. दुसऱ्या ऐतवारी गव्हानीत ह्ये येऊन बसलं.”

“आबांना आवडतं?”

आईनं खाटेकडं बघितलं. “गाडी सुटली की डाव्या हाताची बोटं चादरीवर अशी मुडपत्यात. कासरा धरल्यावानी. शेवटाला बैल हाकायचा जिबंचा आवाज काढाय बघत्यात. येत न्हाई, पर बघत्यात.”

“मग आई, मला का नाही सांगितलंस?”

“तू ऐतवारी दुपारपत्तोर थांबलास कवा?”

ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

परत आलो तेव्हा तात्या थर्माकोलच्या पट्टीकडं तोंड करून बसले होते. मी समोर जाऊन बसलो.

“तात्या, दोन स्पीकर ह्याला झेपत न्हाईत. फायनलला तुम्ही आवाज वाढवता, तिथंच त्यो मरतो. एक काढाय लागंल.”

“मंग माझा काढ.”

“तुमाला ऐकू कसं येनार?”

“आसा तरी कुटं येतोय?” त्यांनी झाकणावर बोट ठेवलं. “ह्ये तापलं म्हंजी तिकडं चाललंय. मला तेवडं पुरं हाय.”

मी त्यांचा स्पीकर सोडला. शेवटी विचारलं, “सरळ आत का जात न्हाई तुमी? आबांजवळ बसा की.”

तात्यांनी झाकणावरचं बोट उचललं.

“त्यानं मला उंबऱ्याच्या आत येऊ नको म्हनून सांगितलंय,” ते म्हणाले. “आता त्याला बोलता येत न्हाई. आता म्या गेलो, तर त्याला मला हाकलताबी यायचं न्हाई. पडल्याल्या मानसावर आसं चालून जाऊ ने.”

दुसऱ्या दिवशी मी दुपारी थांबलो. पहिल्यांदाच. आबांच्या खाटेशी बसलो, मोबाइल खिशातच ठेवला. गोठ्यातून आवाज आला, सुटली, सुटली, आणि आबांची बोटं चादरीवर मुडपली. मी त्यांच्या त्या मुठीखाली माझा हात सरकवला. त्यांनी तो असा ओढला की माझं मनगट दुखलं. फायनल संपली तरी त्यांनी मूठ सोडली नाही.

पलीकडं तात्यांच्या खोलीत शांतता होती.

आबा पुढच्या बुधवारी गेले. निरोप गेला, तसे तात्या आले. उंबऱ्यापाशी थांबले. आई आतून म्हणाली, “या भावजी.” मग आत आले. ते मोठ्यानं रडतील म्हणून गल्ली कान लावून होती. तात्या पायाशी बसले, चादर जरा वर केली आणि आबांच्या तळव्यावर मधलं बोट टेकवलं. डोळे मिटले. खूप वेळ ठेवलं. निकाल मात्र त्यांनी दिला नाही. चादर परत नीट केली.

बारावं-तेरावं झालं. त्यानंतरच्या रविवारी मी गावी होतो. आता मी रविवारी गावीच असतो. दुपारी तात्यांकडं गेलो, तर खोकं चालू होतं, मोबाइल जोडलेला होता आणि मुंडण केलेल्या डोक्याचे तात्या झाकणावर बोट ठेवून बसले होते. खोलीत अर्थातच काही ऐकू येत नव्हतं. तार पेरूच्या झाडावरून गेलेली तशीच होती.

त्यांनी विचारलं, “तिकडली खिडकी लावलीया व्हय रं?”

“आईनं लावली. त्या दिवसापास्नं.”

“उघड जा जरा.”

मी गेलो. मागच्या खोलीत खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. खिडकी उघडली तसा आवाज आत आला. आई दारात येऊन उभी राहिली आणि तिथंच खाली बसली. परत आलो आणि तात्यांच्या बोटाशेजारी झाकणावर माझं बोट ठेवलं.

“उघडली?”

“उघडली.”

“चाललंय का? माझ्या बोटाला हल्ली नीट कळंना.”

झाकण कोमट होतं.

“चाललंय, तात्या,” मी म्हणालो. त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून परत मोठ्यानं म्हणालो, पार नदीपलीकडं जाईल एवढ्या मोठ्यानं, “चाललंय!”