उजवीकडे न वळणारे गोविंदराव

आमच्या महाडात गोविंदराव उतेकर नावाचे एक गृहस्थ होते, ते सायकलवर बसले की कधीही उजवीकडे वळत नसत. तत्त्व म्हणून नव्हे, बरं का. नवसही नव्हता. त्यांना ते जमतच नसे. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान पेठेच्या टोकाला, आणि मी जिथे कंपौंडर होतो तो दवाखाना तिथून उजव्या हाताच्या गल्लीत, हाकेच्या अंतरावर. पण बोट कापून रक्ताची धार लागली असली, तरी हे टांग टाकून डावीकडे निघायचे, अख्ख्या गावाला वळसा घालायचे आणि डाव्या अंगाने दवाखान्याच्या दारात हजर व्हायचे. चालत आला असतात तर एव्हाना पट्टी बांधून परत गेला असतात, असं मी चिडून म्हणायचो. ते शांतपणे बोट पुढे करायचे.

पोलादपूरच्या रस्त्यावर उजवं वळण आलं की ते खाली उतरत, सायकल हातात धरून वळण चालत पार करत आणि पुन्हा बसत. पायी असले तरी सवय जात नसे. देवळात एकदा त्यांनी उलटी प्रदक्षिणा सुरू केली, तेव्हा गुरवाने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. तेव्हापासून ते पायरीवरूनच नमस्कार करत. लग्न झालेलं नव्हतं. होमाभोवती हा माणूस उलटा फिरेल आणि नवरी एकीकडे, नवरा दुसरीकडे असं होईल, या भीतीने कोणी मुलगी देत नाही, असं पेठेत बोलत. पेठेचं काय, तिला दुसरा धंदा नाही.

माझा स्वभाव असा की दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय हे कळल्याशिवाय मला स्वतःचं जेवण जात नाही. त्यातून आम्ही शेजारी, एका भिंतीचे. एके दिवशी मी सरळ त्यांच्या दुकानात जाऊन बसलो आणि विचारलं. मला वाटलं टाळतील. पण हातातलं चाक बाजूला ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. कोणी विचारायचीच वाट बघत होते बहुतेक.

गोविंदराव पूर्वी मुंबईत गिरणीत होते. तिथे एका मैदानात कुणा हौशी मंडळींनी सायकलच्या शर्यतींसाठी लाकडी फळ्यांची गोल वाट बांधली होती. ट्रॅक म्हणायचे तिला. सपाट नव्हे; परातीच्या कडेसारखी बाहेरून उचललेली. गिरणी सुटली की गोविंदराव आणि महाडाशेजारच्या त्यांच्याच वाडीचा धोंडू, दोघे तिथे जायचे. त्या सायकलींना ब्रेक नसायचा आणि चाक सुटं नसायचं. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. शर्यत जोडीची. पुढच्याने वारा फोडायचा, मागच्याने त्याच्या आडोशाने दम राखायचा. आणि ट्रॅकवर फिरायचं ते कायम डावीकडेच. इतकी वर्षं फिरून फिरून त्यांची मान, कंबर, गुडघे सगळं त्या एका अंगाला वळून बसलं होतं.

मी विचारलं, "आणि तो धोंडू?"

दुकानात आढ्याला दोन सायकली टांगलेल्या होत्या, त्यांतल्या एकीकडे त्यांनी बोट केलं. ती ते कधी भाड्याने देत नसत, पण तेलपाणी मात्र तिला इतर सगळ्यांच्या आधी मिळे. धोंडू तापाने गेला होता. महाडहून कोणी पोचण्याआधीच. अग्नी देण्यापासून सगळं गोविंदरावांनीच केलं, आणि अस्थी आणि सायकल घेऊन ते धोंडूच्या आईकडे, येसूकाकीकडे गेले. काकीने अस्थी घेतल्या. सायकल उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. माझ्या पोराला तूच नादी लावलंस, सायकलवर पळवून पळवून त्याचा जीव घेतलास, असं म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. गोविंदराव पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत.

"तिला वाटतंय पोरगा जुगारासारखं कायतरी खेळायचा," ते म्हणाले. "तिनं एकदा बगायला पायजे, कंपौंडरसाहेब. एकदाच. मग काय बोलायचं ते बोलू दे."

मग दाखवा की, असं मी म्हणालो. बोलायला माझं काय जात होतं? तर ते म्हणाले की एकट्याने कसं दाखवणार, जोडी लागते. आणि माझ्याकडे बघत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडूची सायकल आढ्यावरून खाली आली. मला साधी सायकल येत होती, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच बसलो. गोविंदरावांचं एकच पालुपद, "पाय थांबवू नका, बाकी कायपन करा." उतार लागला तसे माझे पाय सवयीने थांबले. म्हणजे मी थांबवले. सायकलीने ऐकलं नाही. पेडलने मला असं काही वर उचललं की मी थेट एका शेणाच्या ढिगात जाऊन बसलो. गोविंदराव धावत आले आणि त्यांनी आधी सायकल तपासली. वर म्हणतात कसे, पडलात तेव्हाही पाय थांबवायला नको होते. आता पडलेल्या माणसाने पाय कशावर फिरवायचे? पण खोटं कशाला सांगू, मला त्या यंत्राची गंमत वाटायला लागली होती. ही साधी सायकल नव्हे, हिला स्वतःचं मत आहे, हे लक्षात आलं. मी रोज सकाळी जायला लागलो. आठवड्याभरात पाय आपोआप फिरायला लागले. दवाखान्यात औषध खलतानाही टेबलाखाली फिरायचे.

जोडी झाली, आता जागा. शिमगा होऊन गेला होता, भाताची खाचरं कोरडी पडली होती, पण पेरणीच्या आत जे काय करायचं ते करायला हवं होतं. आणि गोविंदरावांना येसूकाकीचंच खाचर हवं होतं, कारण ती वाडी सोडून कुठे येणार नाही याची त्यांना खात्री होती. मग बोलणी करायला मला पुढे घातलं.

काकी पडवीत वाल निवडत बसली होती. बारीक, काटक बाई. गोविंदराव अंगणात उभे, मी पायरीवर. ती जे बोलली ते सगळं माझ्याशी. गोविंदराव चार हातांवर होते, पण प्रत्येक वाक्याला तिचं "त्याला सांगा." आणि मीही मूर्खासारखा मागे वळून तेच वाक्य पुन्हा सांगत होतो. शेत कशाला पायजे, विचारा त्याला. मी विचारलं. ते म्हणाले, धोंडू काय करायचा ते जोडीने गोल फिरून दाखवायचंय. हे मी तिला सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

मग मला म्हणाली, तुम्हीपण फिरणार काय? मी हो म्हणालो. माझ्या पोटाकडे बघून तिला हसू आलं, ते तिने पदराआड लपवलं. त्या पोटामुळेच शेत मिळालं असं माझं मत आहे.

मग तिने अटी घातल्या. पेरणीआधी खाचर होतं तसं करून द्यायचं, बांध पुन्हा घालायचा, चपला घालून आत पाय ठेवायचा नाही. आणि शेवटची सांगताना पहिल्यांदा तिचा आवाज हलला.

"त्याला सांगा, उलटं फिरायचं नाय. उलट्या फेऱ्या त्यानं मुंबईत घातल्या, खांद्यावर मडकं घिऊन. तेवढ्या बास झाल्या. माज्या शेतात देवाला घालतात तशाच फेऱ्या घालायच्या."

मी मागे वळलो, पण हे वाक्य काही मला पुन्हा सांगवेना. गरजही नव्हती. गोविंदराव खाली बघून म्हणाले, "घालीन काकी." ज्या माणसाला पेठेतल्या पेठेत उजवीकडे वळता येत नाही, तो हे म्हणत होता.

ट्रॅक बांधायला घेतला आणि वाडीत करमणूक झाली. भात नाही, पेंढा नाही, आणि उन्हाळ्यात हा खळं कसलं करतोय, असं जो तो विचारी. पण खळं करायचं कसं हे तिथे शिकवावं लागत नाही. गोविंदराव बांधाची माती काढून बाहेरची कड उचलत, मी नदीचं पाणी शिंपत असे, आणि बायका चोपण्याने ठोकत. काकी बांधावर उभी राहून माझ्यामार्फत चुका काढी. कड ढिली हाय, त्याला सांगा. माती पातळ झालीय, त्याला सांगा. शेवटी गोविंदरावांचं ठोकणं तिला बघवेना. तिने त्यांच्या हातातलं चोपणं काढून घेतलं आणि एक बाजू स्वतःच ठोकून काढली. वरून शेणाने सारवलं. हौसेने एकीने कडेला हळदकुंकूही वाहिलं. एवढी मोठी, एवढी तिरकी आणि एवढी स्वच्छ परात मी जन्मात पाहिली नव्हती.

आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. गोविंदराव सायकलवर बसले, उजवीकडे निघाले, वेग घेतला आणि पहिल्याच वळणावर त्यांचं अंग आपोआप डावीकडे कललं. सायकल कड चढून पलीकडे गेली आणि ते करवंदीच्या जाळीत. मी पोट धरधरून हसलो. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. मग माझं हसू बंद झालं. कोपरं सोलली, गुडघा सुजला. मी टिंक्चर लावायचो आणि ते पुन्हा बसायचे. मला मात्र काही त्रास होईना. मला डावीकडचीही सवय नव्हती आणि उजवीकडचीही, त्यामुळे विसरायचं असं काही नव्हतंच. अशी वेळ आली की ट्रॅकवर मी फिरतोय आणि मुंबईचा पैलवान बाहेर बसून बघतोय.

तो अनुभव मात्र काय सांगू. हळू गेलं की चाक सारवणावरून घसरतं. जीव मुठीत धरून जोरात गेलं की चिकटून राहतं. भित्र्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. पण एकदा वेग आला की जमीन डाव्या बाजूने उठून उभी राहते, समोरचे डोंगर तिरके होतात आणि आपण मात्र सरळ आहोत असं वाटतं. अनवाणी पायाला पेडलचे दात लागतात, शेणाचा वास नाकात, आणि डोक्यात दुसरा काही विचार उरत नाही. गिरणीत दिवसभर उभी राहिलेली ही पोरं संध्याकाळी तिथे का जायची, ते मला कोणी न सांगता कळलं.

गोविंदराव शिकले. कसे शिकले ते त्यांनाच ठाऊक. मी दवाखान्यात असताना ते दुकान बंद करून वाडीत जात, आणि परतताना रोज एक नवी पट्टी लागे. एके दिवशी ते दवाखान्यात आले ते थेट दुकानाकडून, उजवीकडे वळून. मी हातातली बाटली खाली ठेवली. ते नुसते बोट पुढे करून उभे राहिले. बोटाला काही झालेलंही नव्हतं.

आकाशात ढग जमायला लागले होते तेव्हा काकीला बोलावलं. ती आली, चपला बाहेर काढल्या आणि मधोमध जाऊन पाटावर बसली. गोविंदराव पुढे, मी मागे. त्यांनी सांगून ठेवलं होतं, माझ्या चाकाला लागून राहा, मागे पडू नका. सुरुवातीला माझी पाचावर धारण बसली होती, पण हळूहळू जमलं. समोर त्यांची पाठ, तिच्यापलीकडे वारा, आणि माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं. काकी पाटावरून उठली. आमच्याबरोबर स्वतःशीच फिरायला लागली, पदर सावरत, नजर न हटवता. मग तिने हात वर केला. आता आम्ही थांबणार कसे? ब्रेक नाही. ती हात वर करून उभी आणि आम्ही आपले तिच्याभोवती फिरतोय. शेवटी वेग मोडत मोडत खाली आलो आणि मी तिच्या पाटाला अडखळून आडवा झालो.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. इतक्या वर्षांनी ती थेट त्यांच्याशी बोलली. "गोयंदा, धोंडू ह्येच करायचा?"

"ह्येच, काकी."

"मला वाटायचं, ती सायकल घिऊन कुठंकुठं लांब जायचा. हा तर जाग्यावरच होता."

"जाग्यावरच. माज्या मागं." त्यांनी दोन्ही तळवे समोरासमोर धरले, मध्ये वीतभर जागा ठेवली. "एवढा जवळ. मागं बगायला लागायचं नाय. चाकाचा आवाज यायचा."

काकी त्या वीतभर जागेकडे बघत राहिली. ते तळवे तसेच धरून उभे होते, खाली घ्यायचं त्यांच्या लक्षातच येत नव्हतं.

"मंग इतकी वर्सं," ती म्हणाली, "तू एकटा कसा रे फिरलास?"

गोविंदराव त्या सारवलेल्या जमिनीवर बसले आणि हमसून हमसून रडायला लागले, आणि माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या. काकीने धोंडूची सायकल पडलेली होती ती उचलली. तिला सायकल धरता येत नव्हती, हँडल सारखं वळत होतं. तशीच ती ढकलत घराकडे निघाली. पडवीशी पोचल्यावर तिने मागे वळून गोविंदरावांना हाक मारली आणि सांगितलं की उंबरा उंच आहे, दुसऱ्या बाजूने धर.