बावीस गाण्यांचा खाऊ

त्या संध्याकाळी वामनरावांच्या पदरात पडणार होतं ते असं: एक शाल, एक श्रीफळ, वर्तमानपत्रात फोटो आणि कॅसेटवर नाव. पैकी शाल त्यांनी स्वतःच सीताबर्डीवरून घेऊन सत्कार करणाऱ्या मंडळाच्या भैय्याजींकडे गुपचूप पोचती केली होती, कारण मंडळाच्या शालीतून पलीकडचा माणूस दिसतो हे त्यांनी तीन सत्कारांत पाहिलं होतं. नारळही स्वतःच वाजवून घेतला होता. फोटोत खुर्चीवर बसलेल्याला दोन कॉलम मिळतात आणि मागे उभ्या असलेल्याला नुसता कान, हेही त्यांना ठाऊक होतं. तेव्हा खुर्ची हेरून ठेवली होती. उरलं कॅसेटवरचं नाव. ते मात्र बाजारात मिळत नाही.

वामनराव, शालिकराम आणि सिंधूताई हे तिघं म्हणजे ‘गोंदण’. बासष्ट साली या तिघांनी खेड्यापाड्यातल्या बायकांची गाणी तीन आवाजांत बसवली: एक वर, एक मधे, एक खाली. रेडिओवर वाजली, तबकडी निघाली, नागपुरातल्या कॉलेजच्या पोरी वर्षभर तेच गुणगुणत होत्या. मग वेणीफणीच्या तऱ्हा बदलल्या तशी गाणीही मागे पडली. आता त्र्याऐंशीत मुंबईचे एक संचालकसाहेब जुन्या तबकड्यांच्या कॅसेटी काढायला निघाले होते. त्यांच्यासमोर ‘गोंदण’ची गाजलेली गाणी पुन्हा व्हायची होती आणि कॅसेटवर छापायचं होतं, ‘संग्राहक: वामनराव’.

संग्रहाची हकिकत अशी. पहिल्या मुलाखतीत वामनराव म्हणाले होते, मी बारा गावं पायी फिरलो. पंचाहत्तर सालापर्यंत गावं शंभर झाली आणि त्र्याऐंशीत तीनशे. वामनराव जागचे हलले नव्हते. गावंच वाढत गेली. खरं पाहता नरखेडकडच्या एका गावात बायकोची आत्या बायजाबाई राहत होती. तिच्या ओसरीवर लोडाला टेकून, दोन दिवस वांग्याची भाजी खात त्यांनी बावीसच्या बावीस गाणी उतरवून घेतली होती. हे माहीत असलेली माणसं जगात दोनच, बायजाबाई आणि बायको कौसल्या. एक खेड्यात होती आणि एक घरात.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी कौसल्येनं भाजी निवडता निवडता सांगितलं, की आत्याला पास पाठवला आहे.

वामनरावांचा चहा बशीत सांडला. “तुले कोणी सांगितलं वं आत्याले बोलवायला?”

“काहून? गाणी तिची, अन् ऐकायला शेजारीण बोलवू?”

आत्या सत्तरीची आहे, बसचा प्रवास झेपणार नाही, अशी वामनरावांनी मनाची समजूत घातली. आत्या पाच वाजता बसमधून उतरली. एकटी नव्हे, गावातल्या अकरा बाया घेऊन. पासवर ‘सहकुटुंब’ छापायचं डोकं वामनरावांचंच होतं, आणि आत्यानं कुटुंब जरा ऐसपैस धरलं होतं. वामनरावांनी त्या सगळ्यांना नवव्या रांगेत, खांबामागे बसवलं. तिथे पंखा छान लागतो म्हणाले. पंखा बंद होता.

आता वामनरावांकडून झालेली चूक सांगायला हवी. वातावरण हवं म्हणून त्यांनी रंगमंचावर, बायका ही गाणी जिच्यापुढे म्हणतात ती मातीची भुलाबाई बसवली होती. खरीखुरी, बाजारातून आणलेली, शेजारी तिचा नवरा भुलोबा, पुढे समई. दिवस कोजागिरीच्या आधीचे, म्हणजे घरोघरी भुलाबाई बसलेलीच. पडदा वर गेला, बायजाबाईंना भुलाबाई दिसली आणि खांबामागचा पंखा त्यांना नकोसा झाला. भुलाबाईपुढे खुर्चीत कोण बसतं? बाराही बाया चपला काढून थेट पहिल्या रांगेच्या पुढे, जमिनीवर येऊन बसल्या. त्यांचं पाहून नागपूरच्या बायकाही खाली सरकल्या. संचालकसाहेब “वा, किती जिवंत!” म्हणाले. वामनरावांनी साहेब आणि आत्या यांच्यातलं अंतर नजरेनं मोजलं.

पहिलं गाणं सुनेच्या लुगड्याचं. वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यानं उडतं आणि सून सासरच्या एकेकाला विचारत फिरते. तबकडीत ते चौथ्या नातेवाइकापाशी सापडत असे, कारण तबकडी तिथे संपायची. शालिकरामांनी नव्या कवळीसकट खालचा सूर धरला, सिंधूताईंनी मधला, आणि वामनराव वरच्या सुराकडे निघाले. गेली पाच वर्षं तो सूर त्यांना फक्त न्हाणीघरात भेटत होता. ते अर्ध्या वाटेत असताना खालून बारा बायांनी तो सूर सहज, पदर सावरता सावरता उचलला. मागून सगळं सभागृह गाऊ लागलं. आणि लुगडं चौथ्यापाशी सापडेना! चुलतसासू झाली, आतेसासू झाली, मावसनणंद झाली, बायजाबाई एकेक नवं नातं पुढे करत होत्या. रंगमंचावरच्या तिघांना पुढचं येत नव्हतं, ते नुसतं “हं” म्हणत साथीला राहिले. लुगडं एकोणिसाव्या घरी सापडलं.

गाणं संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. चारशे माणसं शांत बसून एकटक वामनरावांकडे बघत होती. पडलो, असं त्यांच्या मनात आलं, तोच बायजाबाईंनी विचारलं,

“गोड का तिखट?”

वामनरावांना उमगेना. सिंधूताईंनी कानाशी लागून सांगितलं: भुलाबाई मांडली, गाणं झालं, आता झाकलेला खाऊ ओळखायचा असतो, ओळखला की वाटायचा. टाळ्या कशा वाजतील? बायका खाऊची वाट बघून राहिल्या.

खाऊ कुणी आणला होता! पण भैय्याजी प्रसंगावधानी माणूस. टेबलाखाली फडक्यात बांधलेला डबा होता, तो त्यांनी उचलला आणि रीतीप्रमाणे कानाशी हलवून दाखवला. डबा वामनरावांचा. त्यात साठ तुकडे संत्रा बर्फी होती, खास साहेबांसाठी. बर्फी गच्च भरलेली, आवाज येईना. न वाजणारा खाऊ म्हटल्यावर सभागृहाला चेव आला. साटोऱ्या? लाडू? शिरा? वामनराव मोठ्या आनंदानं “नाही, नाही” म्हणत होते. कुणी ओळखेना तोवर झाकण उघडायचं कारण नव्हतं, आणि नागपूरच्या बायका खाऊ महागाचा असेल असं धरूनच चालत नव्हत्या.

दहा मिनिटांनी सगळ्या हरत आल्या. तेव्हा साहेबांनी खुर्चीतून, शाळकरी पोरासारखा हात वर केला.

“संत्रा बर्फी?”

सकाळी स्टेशनवर वामनरावांनीच त्यांना सांगितलं होतं, संध्याकाळी बर्फी देतो म्हणून.

“साहेबानं ओळखलं,” बायजाबाई म्हणाल्या. “उघडा, जवाईबापू.”

साठ तुकडे, चारशे माणसं. दुसऱ्या रांगेत डबा संपला. भैय्याजींनी सत्काराचा नारळ फोडला आणि त्याचे बारीक तुकडे पुढे पाठवले. आता तरी दुसरं गाणं घ्यावं म्हणून वामनराव माइककडे वळले.

“थांबा जी,” बायजाबाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. पेरणीचा हिशेब सांगावा तशा सांगत होत्या. “हा एका गाण्याचा झाला. बासष्ट साली माह्या ओसरीवर मी बावीस म्हनली. तवा खाऊ राहूनच गेला. एकवीस बाकी निघते.”

साहेब पुढे सरकले. “बावीसही? एकाच ओसरीवर?”

“मंग अजून कोनाच्या? दोन दिवस जवाईबापू हालले नाही.”

“आणि ती तीनशे गावं?”

वामनरावांनी कौसल्येकडे पाहिलं. कौसल्येनं भुलाबाईकडे पाहिलं. जावयाची बाजू सावरायला बायजाबाईच धावल्या.

“फिरले न जी. एकडाव विहिरीपर्यंत गेले होते. आंघोळीले.”

त्यानंतर बावीसही गाणी झाली, आणि ‘गोंदण’ची गाणी इतकी चांगली कधी झाली नव्हती, असं शालिकराम अजून सांगतात. मात्र ती म्हटली बारा बायांनी.

एकूण हिशेब असा. बर्फी साहेबांना आणि पहिल्या दोन रांगांना. शाल बायजाबाईंना, त्यांनी ती चिमटीत धरून पाहिली आणि मंडळ चांगलं आहे म्हणाल्या. दोन कॉलमी फोटोही त्यांचाच, वामनरावांनी हेरलेल्या खुर्चीत. कॅसेटवर छापलं आहे, ‘गाणी: बायजाबाई, तालुका नरखेड’, आणि खाली अगदी बारीक, ‘साथ: गोंदण’. एकवीस खाऊ कौसल्येनं दर कोजागिरीला एक असे वामनरावांच्या नावावर लावून दिले.

आणि वामनरावांना? बसमध्ये चढताना बायजाबाईंनी कमरेची पुरचुंडी सोडली, राखून ठेवलेला खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “घ्या जवाईबापू. तुमीबी म्हनत होते न, थोडं थोडं.”

नारळ त्यांनी चांगला निवडला होता. गोड निघाला.