गुप्तेकाकांची दिलगिरी

लोकांच्या हॉलमध्ये देवांच्या तसबिरी असतात, नाहीतर परदेशातला एखादा धबधबा असतो. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या ब्लॉकात राहणाऱ्या गुप्तेकाकांच्या हॉलमध्ये अकरा कंपन्यांची माफीपत्रं होती. फ्रेम केलेली, काचेसकट. मिक्सर, पंखा, इस्त्री, कुकर, आणि एक चपलांच्या कंपनीचंसुद्धा. दसऱ्याला काका त्यांनाही झेंडूचा हार घालायचे. पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी भिंत बघावी लागे. "ही पंखेवाल्यांची दिलगिरी. इंग्रजी जरा कच्चं आहे, पण भाव शुद्ध आहे."

काका कल्याणजवळ मोहन्याला एका कारखान्यात माल तपासायला होते. दुसऱ्यांनी काढलेलं सूत नापास करण्यात जन्म गेलेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावर नापास करायला काहीतरी हवंच होतं. नेमका त्याच सुमारास सरकारने ग्राहकांसाठी कायदा केला. देशाचं त्यातून भलं झालं असेल. भोगला तो आमच्या बिल्डिंगने.

"तोंडी नको, लेखी द्या," हे त्यांचं पालुपद. दूधवाला एकदा उशिरा आला आणि म्हणाला, "चुकलं काका." काका म्हणाले, "लेखी द्या." बिचाऱ्याला लिहिता येत नव्हतं, तर काकांनी स्वतः मजकूर लिहिला, त्याला वाचून दाखवला आणि खाली अंगठा घेतला. जिन्यात माझा पाय त्यांच्या पायावर पडला तेव्हा मी सॉरी म्हणून वर निघाले, तर मागून आवाज आला, "सवडीने दिलंत तरी चालेल, सुलभाताई!"

रंगीत टीव्ही आणला, तर त्यात बातम्या देणारी बाई हिरवीगार दिसायला लागली. मेकॅनिक आला, त्याने अर्ध्या तासात बाईला माणसात आणलं.

"आता चालतोय ना साहेब?"

"चालतोय. पण आधी चालत नव्हता, हे कंपनीने कुठे लिहून दिलंय?"

पत्र येईपर्यंत तीन महिने त्या टीव्हीवर भरतकामाचा रुमाल होता आणि संध्याकाळी गुप्ते पतिपत्नी आमच्या सोफ्यावर. "कंपनी म्हणजे काय हो?" सोफ्यावरून काका मला समजावत. "बिनचेहऱ्याचा माणूस. तो लाजणार कसा? म्हणून त्याच्या हातचं घेऊन ठेवायचं." पुढे परदेशी कंपन्या येणार म्हणून पेपरांत गदारोळ उठला. काकांना त्यात एकच फरक दिसला, की आता दिलगिरी गुळगुळीत कागदावर येईल.

शालिनीकाकू या सगळ्यात हसतमुख असायच्या. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून संसार टिकला, असं मी खुशाल म्हणत असे. काकांनी त्यांच्यासाठी ठाण्याहून कानाचं मशीन आणलं. ते पहिल्या दिवसापासून कानात शिट्ट्या मारायला लागलं. कंपनी लगेच बदलून द्यायला तयार होती. फक्त, मशीनमध्ये दोष नव्हता, वापरण्यात चूक झाली, असं काकांनी लिहून द्यायचं. म्हणजे काकांकडूनच लेखी! काका तडक ग्राहक मंचात गेले. तारखा पडत राहिल्या, आठ महिने झाले, आणि काकू शिट्ट्या ऐकत राहिल्या.

त्यांची एकुलती एक नीला नागपूरला दिलेली. गुप्त्यांच्या फोनचा नंबर अजून लागायचा होता, म्हणून ती दर रविवारी आमच्याकडे फोन करी. काकू रिसीव्हर धरून "हो, हो, छान, छान" म्हणत. नीलाला दिवस गेल्यापासून तर छान जरा जास्तच व्हायला लागलं होतं.

एका रविवारी काकू अशाच तीनदा "छान" म्हणाल्या आणि रिसीव्हर माझ्याकडे देत म्हणाल्या, "बघ गं, लाइन गेली वाटतं."

लाइन गेली नव्हती. नीला रडत होती. "सुलभाताई, बाळ राहिलं नाही माझं. आईला सांगितलं, तर ती छान म्हणाली."

मी काकांना सांगितलं. असली गोष्ट काकूंच्या कानात ओरडून कशी सांगायची? काकांनी आमच्या फोनच्या वहीचं पान फाडलं, त्यावर लिहिलं आणि काकूंच्या हातात दिलं. काकूंनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "आणि मी काय म्हटलं तिला?"

काकांनी फोनची वही मिटून जागेवर ठेवली. मला त्यांचा भयंकर राग आला. "नवं मशीन आठ महिन्यांपूर्वीच मिळत होतं, काका," मी म्हणाले. म्हणायला नको होतं, पण म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. "ठाण्याला येता का माझ्याबरोबर? एकट्याने नाही जमणार."

कंपनीच्या ऑफिसात टायवाल्या साहेबाने छापील फॉर्म पुढे सरकवला. जन्मात पहिल्यांदा काकांनी न वाचता सही केली. मग खाली मोकळ्या जागेत, कुणी मागितलेलं नसताना, सावकाश लिहिलं, "चूक सर्वस्वी माझी आहे. त्याबद्दल मी दिलगीर आहे."

"याची काही गरज नव्हती हो," साहेब म्हणाला.

"होती," काका म्हणाले आणि नव्या मशीनची डबी उचलली.

त्या संध्याकाळी मी नागपूरला फोन लावून दिला. काका आत यायला तयार होईनात. दाराबाहेर आमच्या चपलांपाशीच उभे राहिले. काकूंनी रिसीव्हर कानाला लावला. तो जरा दूर धरला, पुन्हा जवळ आणला. मला वाटलं, हेही शिट्ट्या मारतंय की काय.

मग काकू म्हणाल्या, "रड गं बाळा. ऐकू येतंय मला."