शेवटचं पान कुणी नेलं?

आखातातल्या मंगफच्या शरद कोंडाळकराला गुन्हेगार नुसत्या वासावरून कळतो. हे अर्थात त्याचंच मत. रिफायनरीत तो पंपांची गळती शोधतो. तिथून माणसांच्या मनातली गळती हुडकायला आपल्याला फारसे कष्ट पडले नाहीत, असं तो पाहुण्यांना चहाआधीच सांगतो. आजवर त्याने एकही प्रकरण सोडवलेलं नाही, पण सोडलेलंही नाही.

त्या शुक्रवारी प्रकरण घरातच उपटलं. त्याची बायको विजया, नर्स. ड्युट्या सांभाळून तिने पहिलीवहिली रहस्यकथा हाताने लिहून काढली होती. दुपारपर्यंत पानांचे फोटो इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला पाठवायचे, नाहीतर संधी गेली वर्षभर. आणि शेवटचं पान गायब. खुनी नेमका त्याच पानावर.

शरदने आधी शेजारच्या अशरफला धरलं, कारण काल कांदा मागताना तो फार गोड बोलला. त्याला मराठी वाचता येत नाही, असं विजयाने सांगितल्यावर शरद म्हणाला, तेच तर संशयास्पद आहे. मग मंडळाची प्रियांका. ती महिनाभर पुण्यात होती. म्हणजे बचाव आधीच रचलेला. शेवटी त्याने धुळीच्या वादळावर आरोप ठेवला. खिडक्या तर चिकटपट्टीने बंद होत्या.

"वादळ आतलंच असणार," तो गंभीरपणे म्हणाला.

विजयाने कपाळाला हात लावला आणि त्याने सकाळी आणलेला खुबूस, म्हणजे इथली तंदुरी रोटी, तोडायला घेतला. तोडता तोडता थांबली. खुबसावर निळी अक्षरं उमटली होती, उलटी. तिचीच.

"अहो, हा कशात धरून आणलात?"

इराणी तंदूरवाला पिशवी देत नाही; चटके नकोत म्हणून लोक घरूनच कागद नेतात. शरदने रांगेत वाचायलाही होईल असा नेला होता.

"रहस्यकथा मी शेवटाकडूनच वाचतो. खुनी आधी कळला की तपास सोपा जातो."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"तपासात मी स्वतःला संशयित धरत नाही. पद्धत आहे तशी."

पान कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेलं होतं. पण शरदला मजकूर आठवत होता: गुप्तहेर सगळ्यांना समोर बसवतो आणि पानभर समजावतो. तो सांगत गेला, विजयाला जांभई आली. तिने आधीचं पान पाहिलं. तिथे धाकटी जाऊ विचारते, दार आतून बंद होतं ना? आणि हे तिला कुणीच सांगितलेलं नसतं. झालं की. आणखी काय हवं?

तिने होते तेवढेच फोटो पाठवले.

"पण वाचकाला कळणार कसं?"

"वाचकाला अक्कल असते. पानभर समजावतो तो लेखक त्याला गाढव समजतो."

शरद उरलेला खुबूस अक्षरांसकट चावत बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या पोटात एखादं रहस्य राहिलं.