विळखे आप्पांचं निष्कलंक चारित्र्य

एका जंगलात, जिथे रस्ता अजून पोचला नव्हता पण नियम पोचले होते, एक रुग्णालय होतं. त्याला लागूनच परिचारिकांचं विद्यालय होतं. परिचारिका म्हणजे कोण, माहीत आहे ना मुलांनो? सुई टोचून झाल्यावर "बघ, काही दुखलं का?" असं रडणाऱ्यालाच विचारते ती.

झिपरी नावाच्या अस्वलाच्या मुलीला त्या विद्यालयात शिकायचं होतं. तिची आई शिकाऱ्याच्या सापळ्यात पाय अडकून जखमी झाली होती. झिपरीनेच तिला पाठीवर घेऊन डोंगर उतरून रुग्णालयात आणलं होतं. पण वॉर्डात पट्टी बदलायला कुणी नव्हतं आणि नातेवाइकांना आत सोडत नव्हते. विद्यार्थ्यांना मात्र सोडत. म्हणून झिपरीने अर्ज केला.

विद्यालयाचे प्राचार्य पिसारे सर. जातीने मोर. आदल्या वर्षी एका मुंगसाने मोहाची फुलं खाऊन हरणाच्या दुखऱ्या पायाऐवजी चांगल्या पायाला पट्टी बांधली होती. हरीण आठवडाभर दोन्ही पायांनी लंगडत होतं. तेव्हापासून सरांनी पडताळणी सुरू केली होती. चारित्र्याचीही आणि नशेचीही.

"ज्याच्या हाती रुग्णाचा जीव द्यायचा, तो आतून बाहेरून स्वच्छ नको?" सर म्हणाले.

बोलणं खरं होतं. झिपरीलाही पटलं.

नशेची तपासणी चिचुंदरीबाई करायच्या. ज्याने त्याने पळसाच्या द्रोणात नमुना द्यायचा आणि बाईंनी तो हुंगायचा. पण दिवस चैत्राचे. रानभर मोह टपटपत होता. माकडं मोह खात होती, हरणं खात होती, खुद्द बाईंच्या तोंडाला वास येत होता.

"मोह!" झिपरीचा द्रोण हुंगून बाई ओरडल्या.

"अहो बाई, ह्या दिवसांत दुसरं काय खायचं?" झिपरी म्हणाली.

"ते मला विचारू नका. मी फक्त हुंगते."

मग चारित्र्याची पाळी आली. त्यासाठी शेजाऱ्यांना बोलावण्यात आलं. मधमाश्यांनी तर मोर्चाच आणला. "ही आमचं घर फोडते!" एक खार म्हणाली, अस्वलं गुदगुल्या करून जीव घेतात असं तिने ऐकलं आहे. कुणाचा घेतला, ते तिला माहीत नव्हतं. पण ऐकलं होतं, हे खरं होतं, आणि ते लिहून घेण्यात आलं.

झिपरी अपात्र ठरली. माकडं, खारी, हरणं, सगळे अपात्र ठरले. पिसारे सर काळजीत पडले. विद्यालयात विद्यार्थी एकही नाही!

तेवढ्यात विळखे आप्पा आले.

विळखे आप्पा म्हणजे अजगर. सगळा हिवाळा झोपून ते नुकतेच उठले होते. पोटात मोह नव्हता. पोटात काहीच नव्हतं. चिचुंदरीबाईंनी त्यांचा नमुना बऱ्याच लांबून हुंगला आणि "स्वच्छ, स्वच्छ!" म्हणत धूम ठोकली.

मग आप्पांच्या शेजाऱ्यांना पुकारा केला. कुणी आलं नाही. पुन्हा पुकारा केला. तरी नाही.

"तुमच्या शेजारी सशाचं बिऱ्हाड होतं ना?" सरांनी विचारलं.

"होतं," आप्पा म्हणाले.

"आणि एक घोरपड?"

"फार सज्जन होती."

"त्यांची काही तक्रार?"

"आजवर एक शब्द नाही."

सरांचे डोळे पाणावले. इतकं निष्कलंक चारित्र्य त्यांनी पाहिलंच नव्हतं. आप्पांना शिकवायचीही गरज नाही, असं ठरवून सरांनी त्यांना थेट वॉर्डात नेमलं.

आप्पा आल्यापासून वॉर्डात शांतता आली. कण्हणं कमी झालं. खाटा रिकाम्या होऊ लागल्या. सर सगळ्यांना सांगत सुटले, "बघा, रुग्ण कसे भराभर बरे होतात!" बरे झालेले कोणत्या दाराने जातात, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

झिपरी रोज खिडकीशी येऊन बसायची. एके दिवशी आई कुजबुजली, "झिपरे, शेजारची भेकरीण सकाळी पाणी मागत होती गं. आता बघ, तिची खाट झटकून ठेवलीया."

"आणि आप्पा?"

"त्यो दुपारी पडला होता सुस्त. एरवी रोज माझ्या कडेला लांब हून पडतो. म्हणतो, आजी, तुमच्याबद्दल लई आपुलकी वाटती."

 झिपरी धावत पिसारे सरांकडे गेली.

"सर, आप्पा रुग्णांना गिळतात!"

सर शांतपणे म्हणाले, "तक्रार करणाऱ्याचं चारित्र्य स्वच्छ लागतं. तुझं आहे का?"

"सर, माझी आई आहे हो तिथे!"

"म्हणजे तू नातेवाईकही आहेस. मग तर तुझं मुळीच ऐकता येणार नाही."

झिपरीला रडू कोसळलं. मग राग आला. अस्वलाला राग आला की ते खिडकी उघडत बसत नाही. तिने गजांसकट खिडकी उपटली, आईला पाठीवर घेतलं आणि ती थेट गुहा गाठूनच थांबली. ओढ्याच्या पाण्याने तिने आईची जखम धुतली, कडुनिंबाचा पाला उकळून रोज शेकली. आई वाचली. रुग्णालयात नोंद झाली, 'वाईट चालीची रुग्ण, न सांगता पळाली.'

पुढे रुग्णालय पूर्ण रिकामं झालं. एकही आजारी उरला नाही, म्हणून आप्पांचा सत्कार ठेवला. आनंदाच्या भरात पिसारे सर नाचले, आणि नाचता नाचता त्यांचा पाय मुरगळला.

झिपरी जवळच मोह वेचत होती. सरांनी तिचं ऐकलं नव्हतं, पण कळवळणारा जीव बघून तिला राहवेना.

"सर, बसा माझ्या पाठीवर. आमच्या गुहेत चला. आईचा पाय बरा झालाय, तुमचाही होईल."

"प्रमाणपत्र आहे?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग हात लावू नकोस."

"सर, पाया पडते, तिकडे जाऊ नका!"

पण सर तत्त्वाचे पक्के. लंगडत लंगडत ते स्वतःच वॉर्डात गेले. आप्पांनी अदबीने दार उघडलं, आणि मागून लावून घेतलं.

काही दिवसांनी प्राचार्यांची जागा रिकामी असल्याचं लोकांच्या लक्षात आलं. विळखे आप्पांनी अर्ज केला. नियमाप्रमाणे पडताळणी झाली. आप्पांना जवळून ओळखणारे म्हणून पिसारे सरांच्या नावाने पुकारा केला. ते आले नाहीत. तेव्हा त्यांची काही तक्रार नाही असं धरून आप्पांना नेमण्यात आलं.

तात्पर्य : मुलांनो, पानात काही टाकू नये. उरलंसुरलं पुढे साक्ष द्यायला येतं.